पासवर्ड जुळतोय का? नोंदणी फॉर्ममध्ये तिथल्या तिथे तपासणी

आमच्या भागातल्या वाचनालयाचा ऑनलाइन नोंदणी फॉर्म मी केला, ती माझी पहिली खरीखुरी वेबसाइट. पासवर्डचे दोन रकाने होते. दुसऱ्या रकान्यात पहिलं अक्षर पडलं रे पडलं की खाली लालभडक ओळ उमटायची: 'पासवर्ड जुळत नाही!' उद्गारचिन्हासकट. मला त्या ओळीचा भारी अभिमान होता. आठवडाभरात एका काकूंचा फोन आला. "अरे, माझं लिहून व्हायच्या आत ते चूक म्हणतंय. मी पुसून परत लिहिलं, तर परत तेच!" बिचाऱ्या प्रत्येक वेळी एक अक्षर टाकायच्या, लाल ओळ बघायच्या आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून पुसून टाकायच्या. असं सात-आठ वेळा करून त्यांनी नाद सोडला आणि थेट वाचनालयात जाऊन कागदी अर्ज भरला.

कोड माझा बरोबर होता. एक अक्षर आणि दहा अक्षरं जुळत नाहीतच. पण फॉर्मनं तोंड कधी उघडायचं, याचा विचार मी केला नव्हता. या विषयावरचे बहुतेक धडे तुलनेची एक ओळ दाखवून संपतात. ती ओळ लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. खरं काम तिच्या आजूबाजूला आहे, म्हणून या लेखातली बरीच जागा मी त्यालाच देणार आहे.

तुम्हाला एचटीएमएलचा साधा फॉर्म लिहिता येतो आणि जावास्क्रिप्टशी नुकतीच तोंडओळख झाली आहे, एवढं मी गृहीत धरतो. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायचे. जावास्क्रिप्टच्या नावांतल्या आडव्या रेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी आहेत, कोडमध्ये त्या गाळायच्या. एचटीएमएल आणि सीएसएसमधल्या रेघा मात्र खऱ्या.

आधी एक प्रश्न: दुसरा रकाना हवाच का?

पासवर्ड लिहिताना अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात, म्हणून चूक दिसत नाही. ती पकडायला तोच पासवर्ड दुसऱ्यांदा लिहून घ्यायचा, हा या रकान्यामागचा सगळा हिशेब. पण ठिपक्यांऐवजी अक्षरंच दाखवायची सोय दिली, तर माणूस स्वतःच वाचून खात्री करतो. वर्डप्रेसनं २०१५ च्या ४.३ आवृत्तीपासून हाच रस्ता धरला: भक्कम पासवर्ड आपणच सुचवायचा, तो उघडा दाखवायचा आणि लपवायचं बटण शेजारी ठेवायचं.

माझं मत विचाराल, तर मोबाइलवर भरल्या जाणाऱ्या साध्या फॉर्ममध्ये एक रकाना आणि 'दाखवा' बटण पुरतं. पासवर्ड विसरला तर ईमेलवरून नवा घेता येतोच. याउलट पासवर्ड हरवला की सगळंच हरवलं अशी जागा असेल, म्हणजे फाइल किंवा बॅकअप कुलूपबंद करणारा पासवर्ड, जो कोणीच बदलून देऊ शकत नाही, तिथे दोनदा लिहून घेणंच शहाणपणाचं. आणि तिसरी शक्यता, जी प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त भेटते: ग्राहकाला दोन रकाने हवेच आहेत, कारण 'सगळीकडे असतात'. तर मग ते नीट करू.

एक गोष्ट मात्र मनात पक्की असू द्या. दोन्ही पासवर्ड जुळले, याचा अर्थ पासवर्ड बरोबर आहे असा नाही. कॅप्स लॉक चालू राहिला असेल, तर दोन्हीकडे तीच चूक होते आणि तुमचा फॉर्म आनंदानं हिरवी खूण दाखवतो. दुसऱ्या दिवशी लॉगिन करताना कॅप्स लॉक बंद असतो, आणि मग 'तुमची वेबसाइट बिघडली आहे' असा फोन येतो. त्यावरचा उपाय पुढे येईलच.

पायरी १: एचटीएमएलची मांडणी

फॉर्ममध्ये दोन इनपुट घ्या. दोन्हींचा टाइप 'पासवर्ड'. प्रत्येकाला वेगळा आयडी, वेगळं नेम आणि स्वतःचं लेबल. लेबलचं काम रकान्यातल्या फिकट मजकुरावर, म्हणजे प्लेसहोल्डरवर, सोपवू नका. लिहायला लागलं की तो मजकूर नाहीसा होतो आणि हा पहिला रकाना होता की दुसरा, तेच कळत नाही. लेबलं साधी ठेवा: 'पासवर्ड' आणि 'तोच पासवर्ड पुन्हा लिहा'. 'पासवर्डची पुष्टी करा' वगैरे सरकारी मराठी माझ्याही पहिल्या फॉर्ममध्ये होती. त्या काकूंनी विचारलं होतं, पुष्टी म्हणजे नेमकं काय करू?

दोन्ही रकान्यांना ऑटोकम्प्लीट हा गुणधर्म द्या आणि त्याची किंमत 'न्यू-पासवर्ड' ठेवा, मध्ये आडवी रेघ. त्यामुळे ब्राउझरला आणि पासवर्ड मॅनेजरला, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या अ‍ॅपला, समजतं की इथे नवा पासवर्ड तयार होतो आहे. मग ते नवा पासवर्ड सुचवतात, सहसा दोन्ही रकाने एका दमात भरतात आणि जुना साठवलेला पासवर्ड इथे कोंबत नाहीत. नवशिक्या फॉर्ममध्ये हा गुणधर्म फक्त पहिल्या रकान्यावर असतो किंवा 'ऑफ' करून टाकलेला असतो. दोन्ही वेळा त्रास भरणाऱ्यालाच होतो.

दोन्हींना 'रिक्वायर्ड' लावा. 'मिनलेंग्थ' फक्त पहिल्याला पुरे. दुसरा पहिल्याशी जुळायचाच आहे, मग लांबीची दुसरी तक्रार कशाला? 'मॅक्सलेंग्थ' मात्र शक्यतो लावूच नका. कारण सांगतो. समजा तुम्ही २० ची मर्यादा घातली आणि कोणी ४० अक्षरांचा पासवर्ड पेस्ट केला. ब्राउझर काहीही न बोलता पहिली २० अक्षरं ठेवतो आणि बाकीची टाकून देतो. दोन्ही रकान्यांत तेच घडतं, म्हणजे दोन्ही जुळतात. पण त्या माणसाच्या वहीत किंवा मॅनेजरमध्ये ४० अक्षरंच राहतात. पुढचं लॉगिन कसं होईल, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या रकान्यात पेस्ट करणं अडवण्याची एक जुनी खोड आहे. 'हातानं लिहिलं तरच खात्री होते' असा त्यामागचा विचार. त्यानं फक्त पासवर्ड मॅनेजर वापरणारे, म्हणजे मुळात काळजी घेणारे लोक वैतागतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनं जून २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पेस्ट करू द्यावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. किमान ६४ अक्षरांपर्यंतचे पासवर्ड चालवून घ्यावेत आणि 'एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह' अशा सक्तीच्या भेळेचा आग्रह धरू नये, हेही तिथेच आहे. ग्राहक ऐकत नसेल तर ही तारीख त्याच्यासमोर ठेवा. माझ्या एका ग्राहकाच्या बाबतीत ती कामाला आली होती.

शेवटी, दुसऱ्या रकान्याच्या लगेच खाली एक रिकामा परिच्छेद ठेवा. संदेश तिथे उमटेल. त्याला आयडी द्या आणि त्या आयडीचा उल्लेख दुसऱ्या रकान्याच्या 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' मध्ये करा (हे 'एरिया' म्हणजे ए-आर-आय-ए, 'क्षेत्र' अर्थाचा शब्द नव्हे). त्याच परिच्छेदाला 'एरिया-लाइव्ह' देऊन त्याची किंमत 'पोलाइट' ठेवा. म्हणजे संदेश बदलला की स्क्रीन रीडर, म्हणजे अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो वाचून दाखवतो, पण बोलणं मध्येच तोडून नाही. हा परिच्छेद पान उघडतानाच हजर असायला हवा. संदेशाच्या वेळी तो नव्यानं तयार केला, तर बरेच स्क्रीन रीडर त्याची दखलच घेत नाहीत.

पायरी २: कोणती हालचाल ऐकायची?

जावास्क्रिप्टमध्ये रकान्यावर कान ठेवायला 'अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर' वापरतात. प्रश्न असतो तो कशाकडे कान द्यायचा याचा.

जुन्या धड्यांमध्ये 'की-अप' असतं, म्हणजे बटण दाबून सोडल्याचा क्षण. ते टाळा. माऊसनं उजवी क्लिक करून पेस्ट केलं तर कोणतंच बटण दाबलं जात नाही. पासवर्ड मॅनेजरनं रकाना भरला तरी नाही. फोनवरच्या कीबोर्डचा तर भरवसाच नाही. शिवाय टॅब किंवा शिफ्ट दाबलं तरी 'की-अप' होतं, जेव्हा मजकूर तसूभरही बदललेला नसतो.

'चेंज' ही घटना रकान्यातून बाहेर पडल्यावर घडते. चूक सांगायला हा क्षण चांगला, पण दुरुस्ती झाल्याचं कळायला उशीर होतो.

आपल्याला हवी ती 'इनपुट'. मजकूर कसाही बदलो, बोटांनी, पेस्टनं, बोलून किंवा ओढून आणून, 'इनपुट' घडतेच. तिच्या जोडीला 'ब्लर', म्हणजे रकान्यातून बाहेर पडणं. या दोन पुरतात.

आता नवशिक्यांची सगळ्यांत मोठी चूक. कान फक्त दुसऱ्या रकान्यावर ठेवला जातो. मग असं होतं: माणूस दोन्ही पासवर्ड लिहितो, जुळतात, हिरवी खूण येते. मग त्याला वाटतं, पासवर्ड जरा भक्कम करावा. तो वर जाऊन पहिल्या रकान्यात दोन अंक वाढवतो. खालची हिरवी खूण तशीच. दुसऱ्या रकान्यात काही बदललं नाही, म्हणून तपासणी झालीच नाही. तो 'नोंदणी करा' दाबतो आणि सर्व्हर म्हणतो, जुळत नाहीत. एकाच पानावर दोन परस्परविरोधी विधानं! मी दुसऱ्यांचे फॉर्म तपासायला घेतो तेव्हा पहिल्या मिनिटात हेच करून बघतो, आणि बहुतेक वेळा फॉर्म सापडतो.

म्हणून एकच फंक्शन लिहा आणि ते दोन्ही रकान्यांच्या 'इनपुट' आणि 'ब्लर' या घटनांना जोडा. एकूण चार जोडण्या.

पहिला पासवर्ड बदलला की दुसरा रकाना आपोआप रिकामा करायचा, असाही एक उपाय दिसतो. तो मला पटत नाही. अनेकदा चूक पहिल्या रकान्यात असते आणि माणूस तो सुधारून दुसऱ्याशी जुळवत असतो. अशा वेळी त्यानं बरोबर लिहिलेलंच आपण पुसून टाकतो.

पायरी ३: तुलना

इथे फार थांबायचं कारण नाही. दोन्ही रकान्यांची 'व्हॅल्यू' घ्या आणि तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करा. लहान-मोठी लिपी सारखी करून घेऊ नका. दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा 'ट्रिम'नं छाटू नका. पासवर्डमध्ये मोकळी जागा चालते, शेवटीसुद्धा. तुम्ही इथे छाटली आणि लॉगिनच्या पानावर छाटली नाही, तर कुठे चुकलं हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाईल.

तुलना ब्राउझरमध्येच करा. हे वेगळं सांगायची वेळ आली, कारण प्रत्येक अक्षरागणिक दोन्ही पासवर्ड सर्व्हरकडे पाठवून 'जुळतात का?' असं विचारणारा फॉर्म मी पाहिला आहे. युजरनेम शिल्लक आहे का, हे सर्व्हरलाच विचारावं लागतं, तिथे ती पद्धत योग्य. इथे दोन्ही मजकूर आपल्या हातात आहेत. आणि चाचणीसाठी कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपर खिडकीत, पासवर्ड छापणारी ओळ लिहिली असेल, तर साइट चालू करण्याआधी आठवणीनं काढा.

पायरी ४: तक्रार कधी करायची?

माझा नियम असा: चूक सुधारली की ताबडतोब कबूल करायचं, चूक दाखवायची ती माणसाचं म्हणणं संपल्यावर. वर्गात फळ्यावर गणित सोडवणाऱ्या मुलाला पहिल्याच आकड्याला 'चूक!' म्हणून ओरडणारे मास्तर आपल्याला आवडायचे नाहीत. फॉर्मनंही तसं करू नये.

फक्त बाहेर पडल्यावरच बोलायचं ठरवलं तरी चालतं. पण एक आणखी चांगली युक्ती आहे. दुसऱ्या रकान्यात लिहिलेला मजकूर पहिल्याची सुरुवात असेल, तोवर गप्प बसायचं. म्हणजे पहिला पासवर्ड 'मोगरा' आहे आणि दुसरीकडे 'मो' इतकंच लिहून झालंय, तर अजून काहीही बिघडलेलं नाही. 'मोग' झालं, तरी ठीक. 'मोत' झालं की मात्र नक्की चुकलं, पुढे काहीही लिहिलं तरी जुळणार नाही. त्या क्षणी सांगितलं तर उपकारच, कारण उरलेली अक्षरं लिहायचा त्रास वाचतो. शेवटचं अक्षर पुसलं की संदेशही नाहीसा होतो आणि नेमकं कुठे घसरलो, हे आपसूक कळतं. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी 'स्टार्ट्स-विथ' तयारच आहे: पहिल्या मजकुराला विचारायचं, तुझी सुरुवात या दुसऱ्यानं होते का?

आता अख्खं फंक्शन मराठीत लिहून बघू. कोडमध्ये उतरवायला प्रत्येक ओळीमागे एक-दोन ओळी लागतील.

पहिला = पहिल्या रकान्यातला मजकूर
दुसरा = दुसऱ्या रकान्यातला मजकूर
दुसरा रिकामा असेल, तर: संदेश पुसा, ब्राउझरकडची तक्रार मागे घ्या, इथेच थांबा
दोन्ही तंतोतंत सारखे असतील, तर: 'दोन्ही पासवर्ड जुळले' असं लिहा, तक्रार मागे घ्या, थांबा
(इथवर आलो, म्हणजे जुळत नाहीत) ब्राउझरकडे तक्रार नोंदवा
कर्सर पहिल्या रकान्यात असेल, तर: संदेश पुसा, थांबा
कर्सर दुसऱ्या रकान्यात असेल आणि पहिल्याची सुरुवात दुसऱ्यासारखी असेल, तर: संदेश पुसा, थांबा
एरवी: 'दोन्ही पासवर्ड जुळत नाहीत' असं लिहा

कर्सर कुठे आहे, हे 'डॉक्युमेंट'च्या 'अ‍ॅक्टिव्ह-एलिमेंट'कडून कळतं. माणूस रकान्यातून बाहेर पडत असताना, म्हणजे 'ब्लर'च्या वेळी, कर्सर दोन्हींपैकी कुठेच नसतो. त्यामुळे फंक्शन शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं आणि अर्धवट पासवर्डाची तक्रार तिथे योग्य वेळी होते. 'तुम्ही रकान्याला हात लावला होता का' याची वेगळी नोंद ठेवायची गरज उरत नाही.

पहिल्या रकान्यात फेरफार चालू असताना आपण फक्त हिरवी खूण काढतो, लाल काही दाखवत नाही, हेही लक्षात आलं असेल. तिथून बाहेर पडल्यावर काय ते बोलू.

आणि रिकाम्या दुसऱ्या रकान्याबद्दल मौन. ज्यानं अजून काही लिहिलंच नाही, त्याला 'जुळत नाही' म्हणणं हा आगाऊपणा झाला. रिकामा रकाना अडवायचं काम 'रिक्वायर्ड' करतंय.

पायरी ५: ब्राउझरकडे तक्रार नोंदवणं

'रिक्वायर्ड', 'मिनलेंग्थ', 'पॅटर्न' असे गुणधर्म एचटीएमएलमध्ये आहेत, पण 'हा रकाना त्या रकान्याशी जुळला पाहिजे' असं सांगणारा गुणधर्म नाही. म्हणून 'सेट-कस्टम-व्हॅलिडिटी' वापरायचं. दुसऱ्या रकान्यावर त्याला बोलवा आणि कंसात तुमचं वाक्य द्या. ते वाक्य रकान्याला चिकटलेलं असेपर्यंत ब्राउझर फॉर्म पुढे जाऊ देत नाही आणि बटण दाबल्यावर तेच वाक्य फुग्यात दाखवतो.

तक्रार मागे घ्यायची, तर कंसात रिकामी अवतरणचिन्हं द्यायची. ही दुसरी ओळ विसरली जाते, आणि तिच्यापायी किती जणांनी डोक्यावर हात मारून घेतला असेल कोण जाणे. दोन्ही पासवर्ड जुळलेत, डोळ्यांना दिसतंय, तरी फॉर्म जाईना. कारण एकदा चिकटवलेलं वाक्य कोणी काढलंच नाही. वरच्या फंक्शनमध्ये 'तक्रार मागे घ्या' दोनदा आलंय ते यासाठीच.

याचा एक छोटा फायदा मराठी साइटला होतो. 'रिक्वायर्ड'चे नेहमीचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात, आणि तो बहुतेकांकडे इंग्रजीतच असतो. आपण चिकटवलेलं वाक्य मात्र आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत दिसतं.

नोंदणीचं बटण पासवर्ड जुळेपर्यंत निकामी करून ठेवावं का? खूप साइट्स करतात. मी करत नाही. फिकट पडलेलं बटण का चालत नाही, ते सांगत नाही. चार रकाने सोडून पाचव्यात काही राहिलं असेल, तर माणूस पानभर शोधत बसतो. बटण चालू राहू द्या. दाबलं की ब्राउझर त्याला थेट चुकलेल्या रकान्यापाशी नेऊन सोडतो.

शब्द, रंग आणि डोळ्याचं बटण

'पुन्हा लिहिलेला पासवर्ड चुकीचा आहे' असं लिहू नका, कारण ते तुम्हाला ठाऊकच नाही. चूक वरच्याही रकान्यात असू शकते. 'दोन्ही पासवर्ड जुळत नाहीत' एवढंच खात्रीनं सांगता येतं. पहिला रकाना रिकामाच ठेवून कोणी दुसऱ्यात लिहायला लागलं, तर 'आधी वरचा पासवर्ड लिहा' असा वेगळा संदेश द्या.

जुळल्याची खूण नुसत्या हिरव्या कडेवर सोडू नका. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारी माणसं आपल्या आसपास भरपूर आहेत. रंग असू द्या, पण जोडीला शब्द हवेतच. चूक दाखवताना रकान्याला 'एरिया-इनव्हॅलिड' लावा, सुधारली की काढा. सीएसएसमध्ये 'इनव्हॅलिड' या निवडकानं (सिलेक्टरनं) लाल कड दिलीत, तर पान उघडताच सगळे रिकामे रकाने लाल दिसतील, अजून कोणी काही केलेलंही नसताना. त्याऐवजी 'युजर-इनव्हॅलिड' वापरा. तो माणसानं रकाना हाताळल्यावरच लागू होतो. २०२३ च्या अखेरीपासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांच्या ताज्या आवृत्त्यांना तो कळतो.

डोळ्याच्या चिन्हाचं बटण दोन्ही रकान्यांना मिळून एकच ठेवा. दाबलं की दोन्हींचा टाइप 'पासवर्ड'वरून 'टेक्स्ट' करायचा, पुन्हा दाबलं की उलट. बटणाचा स्वतःचा टाइप 'बटन' लिहायला विसरू नका, नाहीतर फॉर्ममधलं ते बटण दाबताच फॉर्मच रवाना होतो. नुसता डोळा काढण्यापेक्षा 'दाखवा' आणि 'लपवा' हे शब्द मला जास्त आवडतात.

टाइप 'टेक्स्ट' झाला की ब्राउझरच्या दृष्टीनं तो साधा मजकूर होतो. फोन पहिलं अक्षर आपणहून मोठ्या लिपीत करू शकतो, शुद्धलेखन तपासणारी यंत्रणा जागी होते, आणि ब्राउझरमधल्या काही तपासण्या मजकूर बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवतात. म्हणून दोन्ही रकान्यांना 'ऑटोकॅपिटलाइझ'ची किंमत 'ऑफ' आणि 'स्पेलचेक'ची 'फॉल्स' आधीच देऊन ठेवा. फॉर्म जाण्याआधी टाइप पुन्हा 'पासवर्ड' करा.

कॅप्स लॉकचं राहिलं होतं. कळ दाबल्याच्या घटनेला 'गेट-मॉडिफायर-स्टेट' विचारलं की कॅप्स लॉक चालू आहे का, ते कळतं. चालू असेल तर पहिल्या रकान्याखाली एक शांत सूचना द्या. अडवू नका, काहींना सगळी मोठी अक्षरं खरोखर हवी असतात.

देवनागरी पासवर्ड

पासवर्ड मराठीत ठेवणारे कमी, पण आहेत. आणि माझ्या वाचनालयात तर ते भेटणारच होते. इथे एक मजेदार खड्डा आहे. 'तऱ्हा' हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण तीन बरोबरच्या चिन्हांना ते वेगळे दिसतात: एकात पाच चिन्हं, दुसऱ्यात सहा. एकाच कीबोर्डवरून लागोपाठ दोनदा लिहिलं तर ही अडचण येत नाही. नोंदणी फोनवर आणि लॉगिन ऑफिसच्या संगणकावर झालं, की येऊ शकते.

उपाय म्हणून जावास्क्रिप्टमध्ये 'नॉर्मलाइझ' आहे. ते दोन्ही रूपं एकसारखी करतं. पण केवळ जुळणी तपासताना ते करून उपयोग नाही. सर्व्हरवर पासवर्ड साठवताना आणि लॉगिन तपासताना तेच रूप वापरलं पाहिजे. आणि त्यालाही मर्यादा आहे: र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनं लिहिलेला 'तऱ्हा' त्यातून वेगळाच राहतो. मराठी ४ आणि इंग्रजी चार हे अंकसुद्धा वेगळेच राहतात. म्हणून 'दाखवा' बटण मराठी साइटवर दुप्पट मोलाचं. निदान अंक कोणत्या लिपीत पडलाय, हे तरी दिसतं.

लांबीबद्दलही एक नोंद. जावास्क्रिप्ट अक्षरं मोजत नाही, चिन्हं मोजतं. 'नमस्कार' आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, 'लेंग्थ' सात सांगते. सर्व्हरवर पासवर्ड गुप्त रूपात साठवायला बीक्रिप्ट ही पद्धत वापरत असाल तर ती ७२ बाइटांपर्यंतच बघते, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे २४ चिन्हांपुढचा मजकूर पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेच्या 'पासवर्ड-हॅश'सारख्या ठिकाणी गुपचूप सोडून दिला जातो.

सर्व्हरवर पुन्हा तपासणी

ब्राउझरमधली तपासणी ही भरणाऱ्याची सोय आहे, कुलूप नाही. जावास्क्रिप्ट बंद करून किंवा फॉर्मला वळसा घालून कोणीही थेट सर्व्हरला माहिती पाठवू शकतं. तीच तुलना तिथेही करा. लॅरावेल, जँगो, रेल्स अशा सर्व्हरवरच्या तयार चौकटींमध्ये (फ्रेमवर्क) यासाठी सोय असते. लॅरावेलमध्ये 'कन्फर्म्ड' हा नियम आहे. जँगोच्या तयार नोंदणी फॉर्ममध्ये दोन रकाने आणि त्यांची तुलना आधीपासूनच आहे. रेल्समध्येही सोय आहे, पण दुसरा रकाना आलाच नाही तर रेल्स तुलना करतच नाही. तो आलाच पाहिजे, हे वेगळं सांगावं लागतं. आणि पुन्हा लिहिलेला पासवर्ड डेटाबेसमध्ये ठेवायचा नाही. तुलना झाली की त्याचं काम संपलं.

चालू करण्याआधी

हे सगळं झालं की स्वतःच्या फॉर्मशी थोडं वाईट वागा. दोन्ही पासवर्ड जुळवून मग पहिला बदला. खूण गेली का? माऊसनं पेस्ट करा. मुद्दाम चूक करा, सुधारा आणि फॉर्म जातो का बघा, कारण मागे न घेतलेली तक्रार इथेच सापडते. पासवर्ड मॅनेजरला भरू द्या. माऊस बाजूला ठेवून फक्त टॅबनं सगळा फॉर्म भरा. शेवटी जावास्क्रिप्ट बंद करा, न जुळणारे पासवर्ड पाठवा आणि सर्व्हर काय म्हणतो ते वाचा.

त्यानंतर फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या आणि शेजारी गप्प बसा. मी वाचनालयात जाऊन त्याच काकूंना बसवलं. त्यांनी दुसऱ्या रकान्यात तिसरं अक्षर चुकवलं, खालची ओळ वाचली, एकच अक्षर पुसलं आणि पुढे लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "झालं? आता पुस्तक कधी मिळेल?"